माझ्या कोटाचं तिसरं बटण

हॅलो... हॅलो... माईक टेस्टिंग, वन, टू, थ्री...

उपस्थित सर्व वाचक बंधू-भगिनींना नम्र विनंती, की त्यांनी आपापल्या जागी बसून घ्यावे, लहान मुलांना मांडीवर घ्यावे आणि मोबाईल सायलेंटवर टाकावेत. अत्यंत गंभीर, किंबहुना राष्ट्रीय महत्त्वाची घोषणा होत आहे. मी, सुरेश, राहणार भिंगार, जिल्हा नगर, पूर्ण शुद्धीत आणि भर दुपारच्या उजेडात जाहीर करतो की माझ्या मरून रंगाच्या जोधपुरी कोटाला वरून तिसरं बटण कोणीतरी लावलेलं आहे.

आणि ते मी लावलेलं नाही.

धन्यवाद. टाळ्या नकोत, ऐका.

आधीच सांगून टाकतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. या सदरातले अनुभव मी वाचायचो ते हसण्यासाठी. घाटात लिफ्ट मागणारी बाई, विहिरीवर वाजणारे पैंजण... अहो, पंगत लांबली की मांडवात असले किस्से मी स्वतः रंगवून सांगतो! थाप कुठून सुरू होते आणि कुठे फुगते हे मला चांगलं कळतं. त्यामुळे जे झालं ते फुगवून सांगायचा मोह मी आज आवरणार आहे. माझ्यासाठी ही किती अवघड गोष्ट आहे, हे मला ओळखणाऱ्यांना विचारा.

तर माझा धंदा. मी लग्नातला निवेदक. 'नवरीच्या मामांनी नवरीला मंडपात घेऊन यावं', 'एमएच सोळा, पांढरी बोलेरो, आपली गाडी रस्त्यात आडवी लागलेली आहे', 'पाहुण्यांनी जेवल्याशिवाय जाऊ नये' — हा जो भरदार आवाज तुम्ही ऐकता, तो मी. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, एसटीच्या पाट्या बदलल्या, पण आमचा कंडक्टर अजून 'नगर, नगर'च ओरडतो आणि माझीही जीभ त्याच वळणाची आहे.) आमच्या भागात असं एकही लॉन्स नसेल जिथे मी दुसऱ्याचं लग्न लावून दिलेलं नाही. माझं स्वतःचं झालं नाही. का, ते विचारू नका. तो वेगळा कार्यक्रम आहे आणि त्याला प्रेक्षक फार येत नाहीत.

आषाढी एकादशी झाली की मुहूर्त बंद, ते थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. बाकीच्यांचा तो चातुर्मास. माझी ती बिनपगारी रजा. भिंगारला दोन खोल्या, एक टीव्ही, एक फ्रिज आणि मी. काही दिवस असे जातात की संध्याकाळी दुकानात दूध मागायला तोंड उघडावं तर आवाजच फुटत नाही. दोनदा खाकरावं लागतं. तेव्हा लक्षात येतं, अरे, सकाळपासून आपण एक शब्दसुद्धा बोललेलो नाही.

म्हणून मी एक सवय लावून घेतली होती. बाहेरून आलो, कुलूप काढलं, की उंबऱ्यात उभा राहून माईकच्या आवाजात म्हणायचो, "आणि आता आपल्या सर्वांचे लाडके सुरेशराव यांचं आगमन होत आहे... सर्वांनी बसून घ्यावे!" आत बसायला कोणी नसायचं. फ्रिज तेवढा घुरघुरायचा. शेजारपाजारच्यांना आधी गंमत वाटली, मग सवय झाली, मग त्यांना ते ऐकूही येईनासं झालं.

अशाच एका चातुर्मासात मी मोबाईलवर एका इंग्रज म्हाताऱ्याचे व्हिडिओ बघायला लागलो. हा गृहस्थ हातात मेटल डिटेक्टर घेऊन चिखलाच्या शेतात फिरतो. कानाला हेडफोन, सोबत कोणी नाही. मशीन टुंई करून वाजलं की खुरप्यासारखं काहीतरी काढून खणतो आणि निघालेल्या गंजक्या चकतीकडे असा बघतो, जसं काही नातवंड झालंय. मला त्याच्या चकतीचं नाही, त्याच्या तोंडावरच्या आनंदाचं कुतूहल वाटलं. दिवसभर एकटा असून माणूस इतका खूश कसा? मशीन मागवलं.

आता ते फिरवायचं कुठे? कोणाच्या रानात न विचारता शिरायचं नाही आणि जुन्या वास्तूंच्या आसपास तर मुळीच नाही, तिथे कायदा आहे. राहिलं आक्काचं रान.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली. मला न्हाऊमाखू घालणं, शाळेत ओढत नेणं, चड्डीची बटणं लावणं, सगळं तिनंच केलं. तिचं लग्न झालं तेव्हा तिच्यापेक्षा जास्त मी रडलो होतो आणि तो व्हिडिओ नाही हे नशीब. पाथर्डी रोडला, करंजी घाटाच्या अलीकडे तिची वस्ती आहे. भाऊजी जाऊन काही वर्षं झाली. दोन्ही पोरं चाकणला कंपनीत. वस्तीवर आक्का, एक गाय आणि कोणावरही न भुंकणारं एक कुत्रं. आजूबाजूची घरंही दसरा झाला की ऊसतोडीला कोपरगाव, राहुरीकडे निघून जातात. मग संध्याकाळी त्या शिवारात दिवा म्हणाल तर आक्काचा एकच.

तिच्या एका तुकड्याला 'पडावाचं रान' म्हणतात. पूर्वी नगरच्या छावणीतून गोऱ्यांच्या पलटणी निघाल्या की इथं तंबू पडायचे, असं सांगतात. सांगतात हं — मी काही बघायला नव्हतो. बांधावर एक जुना लिंब आहे. भाद्रपदात ते रान ज्वारीसाठी वखरून मोकळं ठेवलेलं होतं. मी हेडफोन लावून फिरायला लागलो आणि आक्का लिंबाखाली बसून माझी टिंगल करायला लागली. पहिल्यांदा निघालं औषधाच्या बाटलीचं झाकण. मग नांगराचा तुटका नट. मग पुन्हा झाकण.

"सोनं घावलं तर माज्या पाटल्या," आक्का म्हणाली. "झाकनं घावली तर तुज्या लग्नात आहेर."

आणि मग मशीन वेगळ्याच सुरात वाजलं. गोड, भरीव. मी गुडघ्यावर बसून ढेकूळ फोडलं. आत मातीनं लडबडलेला, रुपयाएवढा एक गोल तुकडा. मागे बारीक कडी. बटण!

त्याच वेळी मशीनचा खांद्यावरचा पट्टा टचकन उसवला. मी आक्काला म्हणालो, तुझ्या कनवटीला सुईदोरा असतोच, काढ आणि दोन टाके घाल. ती उठलीच नाही. म्हणाली, घरी चल, तिथं घालून देते. या रानात सुई काढत नाहीत. धान्याचं पोतं फाटलं तरी ते घरी नेऊन शिवायचं, इथं नाही. सासूबाईंनी तिला नवी नवरी असताना सांगितलं होतं.

मी अर्थातच रंगात आलो. कोण रागावतं? कोणाचा कोप होतो?

"राग न्हाई येत कुनाला," आक्का म्हणाली. "सुई काढली की मागायला येतं म्हनं."

"कोण?"

"इचारलं न्हाई. तवा सासूला इचारायची पद्धत नव्हती."

मी पोट धरून हसलो. हा किस्सा पुढच्या मोसमात कुठल्या पंगतीला सांगायचा, हेसुद्धा मनात ठरवून टाकलं.

बटण भिंगारला आणलं. आता स्वच्छता. इथं आपली माणसं हमखास चुकतात: पितळ दिसलं की चिंच-मीठ. देव्हाऱ्यातल्या समईला ते ठीक, पण जुन्या बटणावर सोन्याच्या मुलाम्याचा पातळसा पापुद्रा असतो आणि वर काळानं चढवलेली तपकिरी साय. दोन्ही गेले की बटणाचं वय गेलं. म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणलं, वाटीत बटण भिजत घातलं, आणि हॉटेलातून आणलेल्या बांबूच्या दातकोरणीनं माती कण-कण सोडवत बसलो. आधी एका सिंहाचं शेपूट दिसलं. मग समोर उभा राहिलेला शिंगवाला घोडा. मध्ये ढाल आणि वर मुकुट.

व्हॉट्सॲपवर जुनी नाणी-बटणं जमवणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. तिथे फोटो टाकला. पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो, त्यांनी सांगितलं: इंग्रजी फौजेचं बटण, साध्या शिपायाच्या कोटाचं. मुकुट बघा, त्याच्या कमानी मध्ये खाली दबलेल्या आहेत की घुमटासारख्या गोल आहेत? दबलेल्या असतील तर राणीच्या राज्यातलं, गोल असतील तर नंतरच्या राजांच्या. मी भिंग लावलं. दबलेल्या. मागे कारखान्याचं अर्धवट नाव आणि बर्मिंगहॅम. म्हणजे एकोणिसाव्या शतकाची अखेर, थोडं मागे-पुढे. काकांनी बजावलं, आता काहीही करू नका. पुसून कोरडं करा आणि तसंच तपकिरी राहू द्या.

मी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर बटण ठेवलं, आणि थोडा वेळ त्याच्याशी गप्पा मारल्या. हो, मारल्या. समोर कोणीतरी असल्यासारखं वाटत होतं. म्हटलं, काय राव, कुठलं गाव तुमचं? इतक्या लांब येऊन बटण हरवलंत, साहेबांनी चांगलंच झापलं असेल. मग कुलूप लावून मंडईत गेलो. साधा मंगळवार. अमावस्या नाही, पितृपक्ष लागायला अवकाश. नंतर पंचांग बघून खात्री केली.

परत आलो, उंबऱ्यात उभं राहून आगमनाची घोषणा केली, आणि टेबलाकडे बघितलं तर बटण चमकत होतं.

चमकत म्हणजे... नव्या नवरीच्या नथीसारखं! सिंहाची आयाळ मोजून घ्यावी. आणि ते वर्तमानपत्रावर नव्हतं. माझ्याकडे लग्नपत्रिकांचा ढीग असतो. त्यातल्या एका जाड पत्रिकेला कडेपासून मधोमध सरळ चीर पाडलेली, त्या चिरेत बटणाची कडी सरकवलेली, बटण पत्रिकेवर बसलेलं आणि त्याच्याभोवती, गणपतीच्या आणि 'आमचे येथे श्रीकृपेकरून'च्या मधे, घासून घासून पडलेलं काळं वर्तुळ. शेजारी माझा रुमाल. काळा.

मी पहिल्यांदा काय केलं माहितीय? चिडलो. माझं बटण खराब केलं कोणी! दार, खिडक्या, कुलूप, सगळं जागच्या जागी. किल्ली माझ्याच खिशात. उंदीर म्हणावं तर उंदीर पत्रिकेला इतकी सरळ चीर पाडेल का? शेवटी मीच केलं असेल, विसरलो असेन, असं स्वतःला समजावून फोटो ग्रुपवर टाकला. आणि मंडळी, मग ज्या शिव्या पडल्या! कोणी सांगितलं होतं घासायला, इतिहासाची वाट लावली, असल्या माणसांना ग्रुपमध्ये घेता कशाला... भुताच्या वाटणीच्या शिव्या खाणारा महाराष्ट्रातला मी पहिला माणूस असेन.

फक्त काकांनी वेगळाच प्रश्न विचारला. ही पत्रिकेची युक्ती तुम्हाला कोणी शिकवली? जुने शिपाई अशीच चीर असलेली पट्टी बटणामागे सरकवून मग घासायचे, म्हणजे कोटाच्या कापडाला काळं लागत नाही.

मी लिहिलं, 'असंच सुचलं.' आणि त्या रात्री टीव्ही बंद न करता झोपलो.

नंतर काही घडलं नाही. खरं सांगू? मी वाट बघितली. मंडईतून येताना पावलं जरा भराभर पडायची. घोषणा करताना 'सर्वांनी बसून घ्यावे'च्या नंतर मी क्षणभर थांबायला लागलो. पण फ्रिजशिवाय कोणी दाद दिली नाही. बटण खिडकीत ठेवलं होतं, तिथंच राहिलं.

आता कोट. हा मरून जोधपुरी म्हणजे माझी वर्दी. उन्हाळ्यातल्या शेवटच्या लग्नात नवरदेवाच्या मित्रांनी मला उचलून नाचवलं, त्यात वरून तिसरं बटण तुटून कुठेतरी गेलं. बाकीची होती, सोनेरी, दिसायला भारी, आतून प्लॅस्टिक. तेव्हापासून कोट तसाच दाराच्या खुंटीला. मला सुईत दोरा ओवता येत नाही आणि ओवता आला तरी लावता येत नाही. आक्काकडे नेलं असतं तर दोन मिनिटांचं काम. पण आक्काकडे जाणं मी टाळत होतो.

कारण तिची पोरं. 'आई, एकटी किती दिवस राहणार, वाट्यानं रान देऊन टाक, गाय विकू, चाकणला चल' — हे त्यांचं दोन वर्षं चाललं होतं, आणि यंदा त्यांनी तुळशीच्या लग्नाला टेम्पो घेऊनच येतो म्हणून कळवलं. पोरं चांगली आहेत, त्यांचंही चूक नाही. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आक्का... ती एकदा आठ दिवस राहून आली होती. तिथं कसं वाटलं विचारलं तर म्हणाली, "सगळं हाय. दार लावून घेत्यात तेवढंच."

भाऊबीज काही चुकवता येत नाही. गेलो. पाटावर बसलो. तिनं टिळा लावला, ओवाळलं, आणि ताम्हण तसंच हातात धरून उभी राहिली.

"सुऱ्या, तू हितं ऱ्हायला आलास तर मला जावं लागनार न्हाई."

तिनं आधीही आडून आडून सुचवलं होतं. इतकं सरळ कधीच नाही. आणि मी काय केलं? निवेदन. "अखिल महाराष्ट्राचे लाडके निवेदक गायीच्या गोठ्यात! रसिकांनी काय करावं?" असं काहीतरी बोललो. ती हसली. निरांजन विझायला आलं होतं, ते घेऊन आत गेली. खरं म्हणजे भिंगारहून लग्नाला जायचं काय आणि तिच्या वस्तीवरून जायचं काय, मला एकच. पण पन्नाशी उलटलेला माणूस बहिणीकडे राहायला जातो म्हणजे त्याला मान्य करावं लागतं की त्याच्या घरात कोणी नाही. ते मी फ्रिजसमोरही कधी मान्य केलं नव्हतं.

निघताना तिनं विचारलं, कोटाचं बटण लावलंस का? कोट आणला नव्हता. तेव्हा तिनं सुईत निळा दोरा ओवून दिला, घरात तेवढाच होता. सुई माझ्या टोपीत खोचली आणि म्हणाली, ओवून दिलीय, आता तेवढं तरी कर स्वतःचं.

घरी येऊन टोपी टेबलावर ठेवली. ती तिथंच राहिली.

तुळशीच्या लग्नाला दोनच दिवस उरले होते. मोसमातलं पहिलं लग्न हातात होतं आणि कोटाला बटण नव्हतं. दुपारी बाजारात गेलो, मरून कोटाला चालेल असं एकही बटण मिळालं नाही, परत आलो. कुलूप काढलं. घोषणा केली. "...सर्वांनी बसून घ्यावे!" आणि चपला काढता काढता खुंटीकडे नजर गेली.

कोटाची सगळी बटणं जागेवर होती.

वरून तिसऱ्या जागी सिंह आणि शिंगवाला घोडा. घट्ट बसवलेलं, कडीखाली दोऱ्याचे वेढे, वरून टोक कुठं संपलं ते दिसू नये असं. दोरा निळा नव्हता. पांढुरका, जाड, मेण लावल्यासारखा चिवट. असला दोरा माझ्या घरात कधीच नव्हता. आणि बाकीची बटणं... माझी ती बिचारी प्लॅस्टिकची बटणं, तीसुद्धा कोणीतरी घासली होती. इतकी जीव तोडून घासली होती की सोनेरी रंग पार निघून आतलं पांढरं प्लॅस्टिक वर आलं होतं. पितळ नाही हे त्याला कळलंच नसावं. प्रत्येक बटण, वरपासून खालपर्यंत. मला साहेबांनी झापू नये म्हणून!

मी टोपीकडे बघितलं. निळा दोरा टोपीवर नीट गुंडाळून, गाठ मारून ठेवलेला. सुई नव्हती.

त्या क्षणी माझ्या तोंडून एक वाक्य मोठ्यानं गेलं. ते काय, हे जरा शेवटी सांगतो — चांगला निवेदक शेवटचा आहेर आधी उघडत नाही. एवढं सांगतो की ते वाक्य माझं मलाच ऐकू आलं, आणि त्या वाक्याला मी जितका घाबरलो तितका त्या बटणाला नाही. कोट पिशवीत कोंबला आणि मिळाली ती पाथर्डी गाडी पकडली.

वस्तीवर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. ओट्यावर बोचकी बांधलेली. कपड्यांचं एक, भांड्यांचं एक, देवांचं एक छोटं. आक्का गायीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मला बघून म्हणाली, अरे, आत्ता कसा? मी पिशवीतून कोट काढून तिच्या हातात दिला. तिनं तिसरं बटण चाचपलं. उलटं करून मागचे टाके बघितले. मी तोंड उघडायच्या आत तिनं विचारलं,

"सुई न्हेली का?"

मी मान डोलावली. तिनं कोट उजेडाकडे धरला. म्हणाली, टाका माझा नाही, आणि बाईमाणसाचाही नाही. बाई दोरा दातानं तोडते, हा चाकूनं कापलाय. मग ती पडावाच्या रानाकडे वळली. ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती. लिंबाखाली कोणी नव्हतं.

"दुसऱ्याच्या कोटाला लावलं की रं," ती म्हणाली. "सोताच्या न्हाई."

मंडळी, इतके महिने झाले, मी त्या एकाच गोष्टीपाशी अडकलोय. बटण त्या शिपायाचं. त्यापायी त्यानं किती पावसाळे सुई मागत काढले असतील कोण जाणे. मग सापडल्यावर स्वतःच्या कोटाला लावून सुटायचं सोडून माझ्या का लावलं? पुण्याच्या काकांना कोटाचा फोटो पाठवला, ते म्हणाले टाका जुन्या पद्धतीचा आहे, तुमचा शिंपी कोण? डॉक्टर ओळखीचे आहेत, ते म्हणाले झोपेत माणूस काहीही करतो. पण मी भर दुपारी, बाजारात, बटणवाल्याशी हुज्जत घालत उभा असताना? कुलूप शाबूत, किल्ली खिशात, दोरा कुठला, सुई कुठं? तुमच्याकडे उत्तर असेल तर खाली लिहा, फक्त उंदीर म्हणू नका.

तो कोट मी अजून घालतो. पहिल्या लग्नाला घातला, बाकीची बटणं पांढरी आणि मधलंच एक लखलखीत. कोणाच्या लक्षातही आलं नाही. बटणाला मी हात लावत नाही, पण ते मळत नाही. नव्या सुया आणल्यात. एक पडावाच्या रानात लिंबाच्या सालीत खोचून ठेवली आहे. आक्कानं ती बघितली आणि तशीच राहू दिली. सुई अजून तिथंच आहे, गंजतेय.

हो, 'आणल्यात' म्हणजे वस्तीवर. मी हल्ली तिथं राहतो. भिंगारच्या खोल्या सोडून दिल्या. लग्नाच्या मोसमात मोटारसायकलवर जातो-येतो, आणि परत आलो की घोषणा करावी लागत नाही, कुत्रं भुंकतं. ते पूर्वी कोणावरही भुंकत नव्हतं, माझ्यावर भुंकतं. मला बरं वाटतं.

हे कसं जमलं ते राहिलं. त्या संध्याकाळी आक्कानं कोट घडी घालून मांडीवर ठेवला आणि विचारलं, मग तू काय केलंस? मी आधी माझ्या पद्धतीनं सांगितलं: छाती काढून गरजलो, 'कोण आहे रे तिकडे!' तिनं माझ्याकडे बघितलं. लहानपणी पाटी फुटल्यावर बघायची तसं. "खरं सांग," म्हणाली. मग खाली बघत, माईकचा नाही, माझा स्वतःचा आवाज काढून मी तिला ते वाक्य सांगितलं, जे मी त्या रिकाम्या घरात, दारात उभं राहून, एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन बोलून गेलो होतो. ती हसली नाही. उठली, दुसऱ्या खाटेवरची ज्वारीची पोती ओढून खाली घेतली, पदरानं खाट झटकली आणि म्हणाली, चाकणला फोन लावून दे, टेम्पो आणू नका म्हणते.

ते वाक्य एवढंच होतं:

"जाऊ नका हो... आलाच आहात तर बसा ना थोडं, चहा टाकतो!"